वाफा कोणाच्या हक्काचा?
(परसातल्या बटाट्याचा आणि कामकऱ्याचा इतिहास)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे बटाट्याचा विषय पाहून आपल्यापैकी काही जणांना नवल वाटले असेल. ज्या माणसाची उभी हयात कारखान्यांच्या दारात सभा घेण्यात आणि वेतनकरारांची कलमे वाचण्यात गेली, त्याने वसंत व्याख्यानमालेत येऊन परसातल्या वाफ्यावर काय बोलावे? माझ्याजवळ विद्यापीठाची पदवी नाही आणि शेतकी शाळेचा दाखलाही नाही. सातवीनंतरचे माझे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटापाशी झाले. परंतु मागणीपत्रक लिहायला बसले म्हणजे पगाराचा जो आकडा आपण मांडतो, तो शेवटी चुलीवर काय शिजते याचा आकडा असतो. या चुलीचा शोध घेत मागे मागे गेलो, आणि वाटेत बटाटा भेटला.

आज आपण तीन देशांकडे पाहणार आहोत. तिन्ही ठिकाणी गरीब कामकऱ्याच्या हाती बटाटे लावण्यापुरता जमिनीचा लहानसा तुकडा आला. एके ठिकाणी तोच तुकडा त्याच्या गळ्याचा फास झाला. दुसऱ्या ठिकाणी काही हंगाम त्याने पोटाला आधार दिला आणि मग तो नाहीसा झाला. तिसऱ्या ठिकाणी तो आजही टिकून आहे. पीक एकच आणि कष्ट करणारे हातही सारखेच असताना परिणाम इतके निरनिराळे का झाले, हा आजचा प्रश्न आहे.

पिकाचा स्वभाव

आरंभी या पिकाची थोडी ओळख करून घेऊ, कारण पुढचा इतिहास त्याच्या स्वभावावरच उभा आहे. बटाटा हे मूळ नव्हे, खोड आहे. झाडाच्या खोडाला जमिनीखाली आडव्या फांद्या फुटतात, त्यांची टोके फुगतात आणि त्यांचेच बटाटे होतात. बटाट्यावरचे डोळे म्हणजे खोडावरचे अंकुर. म्हणून डोळा असलेली फोड लावली की नवे झाड येते, आणि ते झाड हुबेहूब जुन्या झाडाचीच प्रत असते. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे तो फार महागात पडलेला दिसेल.

दुसरी गोष्ट अशी की, बटाट्याला भांडवल थोडे लागते. धान्याला खळे हवे, मळणी हवी, दळण हवे. बटाट्याला एक कुदळ, एक हंडी आणि थोडे जळण पुरते. ज्याच्यापाशी बैल नाही, नांगर नाही आणि जमीनही जेमतेम आहे, अशा माणसाचे हे पीक आहे.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, तितिकाका सरोवराच्या आसपासच्या मुलखात, सात-आठ हजार वर्षांपूर्वी तेथल्या शेतकऱ्यांनी ते माणसाळवले. हे शेतकरी एका शेतात एकच जात लावत नसत; अनेक जाती मिसळून लावत, म्हणजे एक गेली तर दुसरी हाती लागे. रात्रीच्या कडाक्यात गोठवून, दिवसा उन्हात वाळवून आणि पायांनी तुडवून ते त्यातले पाणी काढीत व असा सुकवलेला बटाटा वर्षानुवर्षे साठवीत. त्याला ते ‘चुन्यो’ म्हणतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी हे पीक युरोपात नेले. आपल्याकडे ते पोर्तुगीजांच्या मार्फत आले; म्हणूनच उत्तरेत ‘आलू’ म्हणतात आणि आपण ‘बटाटा’ म्हणतो. हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरचा आणि तोही रताळ्याचा! पीक युरोपात गेले खरे, पण जाती मिसळून लावण्याचे शहाणपण अँडीजमध्येच राहिले.

आयर्लंड : भाड्याचा वाफा

आता आयर्लंडकडे वळू. १८४१ च्या खानेसुमारीप्रमाणे या देशाची वस्ती ८१ लाखांच्या वर होती. जमीन मुख्यत्वे मोठ्या जमीनदारांची, त्यांतले कित्येक इंग्लंडात राहणारे. खाली मक्तेदार, त्यांच्या खाली पोटमक्तेदार आणि सर्वांच्या तळाशी भूमिहीन मजूर. या मजुराला एका पिकापुरता, सुमारे अकरा महिन्यांच्या बोलीने, जमिनीचा तुकडा मिळे. या पद्धतीला ‘कॉनेकर’ म्हणत. भाडे पुष्कळदा रोख नसे, ते मालकाच्या शेतावर राबून फेडायचे. आपल्याकडच्या जुन्या कुळांना आणि वेठबिगारांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

या तुकड्यावर तो बटाट्याखेरीज काय लावणार? थोड्या जागेत कुटुंबाचे पोट भरेल असे दुसरे पीक नव्हते. जमिनीवर शेणखत पसरायचे, त्यावर बेणे ठेवायचे आणि दोन्ही बाजूंना चर खणून निघालेली माती वर टाकायची, म्हणजे उंच वाफा तयार. इंग्रज प्रवासी त्याला ‘आळशी वाफा’ म्हणत. वस्तुतः ओल्या, पाणथळ जमिनीत पाण्याचा निचरा करण्याची ती मोठी हुशारीची रीत होती आणि कुदळीने असा वाफा करण्यात आळस कोठे असतो ते करून पाहणाऱ्यालाच विचारावे. प्रौढ मजूर दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, जोडीला ताक. या आहारावर माणसे धडधाकट राहत आणि वस्ती वाढत होती.

पण येथेच गोम आहे. मजूर बटाट्यावर जगू शकतो हे एकदा मालकाला कळले की मजुरीचा दर बटाट्यापाशी येऊन बसतो. मजुराच्या हाती रोकड उरत नाही. त्याने पिकवलेला गहू, ओट आणि पाळलेले डुक्कर भाड्यापायी बाजारात जाते. बटाटा हे त्याचे अन्न तर होतेच, पण ती त्याच्या दारिद्र्याची मोजपट्टीही झाली होती. त्यातच ‘लंपर’ नावाची एक जात निकस जमिनीत भरघोस येते म्हणून देशभर पसरली. सारे गरीब एकाच जातीवर, म्हणजे जवळजवळ एकाच झाडाच्या लक्षावधी प्रतींवर जगू लागले.

१८४५ च्या सप्टेंबरात आयर्लंडात करपा दिसला. पाने काळी पडत, दमट हवेत रोग झपाट्याने पसरे आणि जमिनीतले बटाटे कुजून दुर्गंधी सुटे. ‘फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स’ या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवाचे हे काम होते, पण त्या काळी कारण कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. पहिल्या वर्षी पिकाचा मोठा हिस्सा गेला. १८४६ मध्ये जवळजवळ सगळे पीक गेले. १८४७ मध्ये रोगाचा जोर कमी होता, पण लोकांनी बेणेच खाऊन टाकले होते. लावायला काही उरले नव्हते. १८४८ मध्ये पुन्हा तोच घाला पडला.

रोग निसर्गाचा होता हे मान्य. परंतु त्याच वर्षांत आयर्लंडातून धान्य आणि जनावरे बाहेर जातच होती. आणि जून १८४७ च्या गरीब-मदत कायद्यात विल्यम ग्रेगरी या खासदाराच्या सूचनेवरून एक कलम घातले गेले. ज्याच्या ताब्यात पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून अधिक जमीन असेल, त्याने ती सोडल्याशिवाय त्याला मदत मिळू नये, असे ते कलम. उपाशी माणसापुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या. वाफा राखून मरायचे, किंवा वाफा सोडून अन्नछत्राच्या रांगेत उभे राहायचे. ज्यांनी जमीन सोडली त्यांना ती बहुधा परत मिळाली नाही; रिकाम्या झोपड्या पाडण्यात आल्या. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाने गेली, आणखी दहा लाखांवर देश सोडून गेली. १८५१ ची खानेसुमारी ६५ लाखांवर आली.

आयर्लंडचा मजूर मेला तो बटाट्यावर विसंबून राहिला म्हणून, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले आढळते. मला हे अर्धेच उत्तर वाटते. तो ज्या वाफ्यावर उभा होता तो अकरा महिन्यांचा होता, आणि त्या वाफ्यात काय लावायचे हे त्याच्या गरजेपेक्षा त्याच्या भाड्याने ठरवले होते.

एक गंभीर आक्षेप

यावर आमच्या चळवळीतला एक जुना आक्षेप आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे बरोबर नाही. फ्रीडरिख एंगल्सने १८७२ साली कामगारांच्या घरांच्या प्रश्नावर लेख लिहिले आणि १८८७ मध्ये त्यांच्या दुसऱ्या आवृत्तीला प्रस्तावना जोडली. जर्मनीच्या खेड्यांतून घरबसल्या माल तयार करणाऱ्या कारागिरांचे उदाहरण तो घेतो. या माणसाला घर आहे, परस आहे, बटाट्याचे रान आहे. मग तो सुखी असायला हवा. प्रत्यक्षात घडते उलटेच. कुटुंबाचे अर्धे पोट परसावर भरते हे मालकाला ठाऊक असते, म्हणून तो तेवढी मजुरी कापून घेतो. शिवाय जमिनीच्या तुकड्याने माणूस गावाला बांधला जातो आणि दुसरीकडे काम शोधायला निघत नाही.

हा आक्षेप आपल्याला परका नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराचे कुटुंब कोकणात किंवा घाटावर शेतीवर जगत असे आणि गिरणीचा पगार एकट्या पुरुषाच्या पोटापुरता धरला जाई. पण याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. दोन्ही वेळा हजारो कामगार गावाकडे गेले आणि घरच्या भाकरीवर त्यांनी तग धरला. १९८२ साली मी शाळकरी मुलगा होतो. आमच्या चाळीत ज्यांच्या गावाकडे थोडे रान होते त्यांच्या घरी पायली-दोन पायली नाचणी येई; ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्या घरातली भांडी एकेक करून बाजाराची वाट धरीत.

म्हणजे जमिनीचा तोच तुकडा मजुरी पाडण्याचे हत्यार होतो आणि मजुरीसाठी झगडण्याचे बळही होतो. तो कोणाच्या हातात आहे आणि कोणत्या अटींवर आहे, यावर सारे अवलंबून. एंगल्सचा आक्षेप खरा आहे, पण तो एकेकट्या, असंघटित माणसाच्या परसाला लागू पडतो. परस सार्वजनिक झाला तर काय होते, ते आता पाहू.

डेट्रॉइट : उसना वाफा

१८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. पेढ्या बुडाल्या, कारखाने बंद पडले. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहरात हजारो माणसे बेकार झाली. त्यांत पोलंड आणि जर्मनीतून आलेले मजूर फार. शहराचे नगराध्यक्ष होते हेझन पिंग्री. हा माणूस जोड्यांचा कारखानदार, परंतु १८९१ च्या ट्रामच्या संपात त्याने कामगारांविरुद्ध लष्कर बोलावण्यास नकार दिला होता. त्याने पाहिले की शहरात एकीकडे रिकामे हात आहेत आणि दुसरीकडे भाव चढण्याची वाट पाहत पडलेल्या रिकाम्या जागा आहेत. या दोहोंची गाठ घालून द्यावी, असे त्याने ठरवले.

१८९४ च्या उन्हाळ्यात सुमारे ४३० एकर जमीन मालकांकडून एका हंगामापुरती मागून घेण्यात आली. दहा ते वीस गुंठ्यांचे तुकडे पाडून ते नऊशेंहून अधिक कुटुंबांना देण्यात आले. काम उशिरा सुरू झाल्यामुळे उशिरा येणारे बटाटे, घेवडा, सलगम अशी पिके घेतली. पैशांसाठी पिंग्रीने देवळांतून वर्गणी मागितली, ती फारच थोडी जमली. तेव्हा त्याने स्वतःचा उमदा घोडा लिलावात विकला. प्रतिष्ठित मंडळींनी खूप टवाळी केली. ‘बटाटेवाला पिंग्री’ असे त्याचे नावच पडले. हिवाळ्यापूर्वी पीक निघाले, आणि त्याची किंमत झालेल्या खर्चाच्या कितीतरी पट भरली. पुढल्या वर्षांत कुटुंबांची संख्या वाढली. न्यूयॉर्क, बफेलो, फिलाडेल्फिया अशा शहरांनी हाच मार्ग धरला.

यातली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. बेकार माणसाला भीक नको, काम हवे असते, हे त्या वाफ्यांनी सगळ्या शहराला दाखवून दिले. त्याच्या आळसाबद्दलची प्रवचने बटाट्याच्या राशीपुढे टिकेनाशी झाली.

मग ती योजना गेली कोठे? मंदी ओसरली, जागांना भाव आला आणि मालकांनी आपापल्या जागा परत घेतल्या. पिंग्री पुढे राज्याचा गव्हर्नर झाला आणि १९०१ मध्ये वारला. एका भल्या माणसाच्या शब्दावर आणि मालकांच्या मर्जीवर उभी राहिलेली ती योजना होती. वाफा उसना होता, आणि उसने घेतलेले परत करावेच लागते.

इंग्लंड : कायद्याचा वाफा

तिसरे उदाहरण इंग्लंडचे. तेथे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गावांच्या सामाईक चराऊ जमिनी कुंपणे घालून बड्यांनी ताब्यात घेतल्या. जमीन गमावलेला मजूर शहरात आला. त्याला भाजीपाल्यापुरती जागा द्यावी ही मागणी पुष्कळ वर्षे चालली. आरंभी ती धर्मादाय म्हणून मिळे, आणि देणारे अटी घालीत : रविवारी प्रार्थनेला आले पाहिजे, दारू पिता कामा नये वगैरे. १८८७ मध्ये पहिला महत्त्वाचा कायदा झाला, आणि १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तेथे असे वाफे पुरवणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली तर संस्थेला तिचा विचार करावाच लागतो. १९२५ च्या कायद्याने आणखी एक खुंटी ठोकली. या कामासाठी घेतलेली जागा सरकारच्या संमतीशिवाय संस्थेला विकता येत नाही. ठरीव वाफा असतो सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे अडीच गुंठ्यांचा. भाडे माफक.

या कायद्याचा कस युद्धात लागला. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले, जहाजे बुडू लागली, बाहेरून येणारे अन्न कमी झाले. सरकारने ‘विजयासाठी खणा’ अशी हाक दिली. असे वाफे वाढत वाढत सुमारे चौदा लाखांवर गेले. लंडनच्या जुन्या किल्ल्याच्या खंदकातसुद्धा भाजी लावली होती. लोणी, साखर, मांस यांवर नियंत्रण आले, पण युद्ध चालू असेतो बटाट्याचे रेशनिंग करावे लागले नाही. युद्धासाठी घेतलेल्या पुष्कळशा जागा नंतर परत गेल्या, परंतु कायद्याने बांधलेले वाफे राहिले. आजही त्यांवर बटाटे निघतात आणि कित्येक शहरांत वाफा मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागते.

आता तीन देश शेजारी ठेवून पाहा. आयर्लंडचा वाफा भाड्याचा होता, डेट्रॉइटचा दयेचा होता, इंग्लंडचा हक्काचा होता. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथे आहे.

बेणे कोणाचे?

जमिनीबरोबर बेण्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आयर्लंडात एकाच जातीने घात केला होता. रशियात निकोलाय वाविलोव्ह या शास्त्रज्ञाच्या संस्थेने जगभरातून बियाणे जमवले. अँडीजमधल्या बटाट्याच्या अनेक जातीही त्यात होत्या. १९४१ मध्ये जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला. संस्थेतल्या अब्राहम कामेराझ आणि ओल्गा वोस्क्रेसेन्स्काया यांनी तोफांच्या माऱ्यात शहराबाहेरच्या शेतातून बटाट्याचा संग्रह काढून आणला, आणि तो गोठू नये म्हणून मिळेल ते लाकूड जाळून तळघर उबदार राखले. खुद्द वाविलोव्ह त्या वेळी आपल्याच सरकारच्या तुरुंगात होता. १९४३ मध्ये तो तेथेच वारला. शहरात लाखो लोक उपासमारीने मेले, संस्थेचे कित्येक कर्मचारीही भुकेने मेले, पण त्यांनी संग्रहाला हात लावला नाही. पुढच्या पिढ्यांचे पीक रोगाने बुडू नये म्हणून ही माणसे आपल्या भुकेशी झुंजली. वेढ्यात सापडलेल्या त्या शहराच्या चौकांतून १९४२ मध्ये नागरिकांनी भाजीचे वाफे घातले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आपल्या गॅलरीतले पोते

आता थोडे घरचे. आपल्यापैकी ज्यांना गच्चीत किंवा गॅलरीत बटाटे करून पाहायचे असतील त्यांनी दिवाळीच्या सुमारास, थंडीची चाहूल लागली की सुरुवात करावी. रात्री गार झाल्याशिवाय बटाटा नीट पोसत नाही. बाजारचा बटाटा लावण्यापेक्षा खात्रीचे बेणे आणावे. ते उजेडात, पण उन्हात नव्हे, पसरून ठेवले की आखूड जाड कोंब येतात. जाड पोत्याला किंवा जुन्या पिंपाला तळाशी भोके पाडावी, माती आणि कुजलेले शेणखत तिसऱ्या हिश्शापर्यंत भरावे, बेणे चार बोटे खोल लावावे. झाड वर आले की शेंडा मोकळा ठेवून भर देत जावे. पाणी बेताचे द्यावे, साचू देऊ नये. तीनएक महिन्यांत पाला पिवळा पडला की पोते उलटे करावे. एका पोत्यातून दोन-तीन किलो निघाले तरी समाधान मानावे. यावर कोणाचे घर चालणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण माती, बेणे आणि वेळ यांचा हिशेब एकदा आपल्या हाताने केला म्हणजे शेतकऱ्याशी भावाची घासाघीस करताना जीभ जरा आवरते.

माझे खरे सांगणे मात्र पोत्यापाशी संपत नाही. मुंबईतल्या गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकासाच्या वेळी तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी जायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली; सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम केला. जेथे मुले खेळली असती, झाडे लागली असती, एखाद्या कोपऱ्यात चार वाफेही झाले असते, ती जागा हिशेबातून गेली. नियमातले दोन शब्द बदलले की केवढी जमीन सरकते, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. आयर्लंडच्या त्या दहा गुंठ्यांच्या कलमाची आठवण मला त्या वेळी झाली.

म्हणून या शहराच्या नागरिकांना माझी विनंती आहे. आपल्या नगरपालिकेचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर होतो, तेव्हा तो नकाशा जाऊन पाहावा. मोकळ्या जागा कोणत्या, त्यांवर आरक्षण कसले आणि ते कोणी उठवले, हे लेखी विचारावे. वस्तीजवळची एखादी जागा रहिवाशांच्या सामाईक परसबागेसाठी राखून ठेवावी अशी सूचना सह्या गोळा करून द्यावी. कोणाच्या मेहेरबानीने दोन हंगाम मिळालेली जागा आम्हाला नको. ठरावाने आणि नियमाने बांधलेली हवी. इंग्लंडात सहा सह्या पुरतात. आपल्याकडे सहाशे लागल्या तरी त्या गोळा करणे अशक्य नाही. कामगार चळवळीत सह्या गोळा करण्याची आम्हाला सवय आहे, आणि त्या कामाला मी आपल्याबरोबर यायला तयार आहे.